भाडेकरूचा पत्ता

दिल्लीत मुक्कामाला आलेल्या मराठी माणसाला दोन शब्द फार लवकर शिकावे लागतात. एक 'बरसाती' आणि दुसरा 'ढलाव'. बरसाती म्हणजे गच्चीवरची एकुलती खोली. शब्द ऐकून काही तरी पावसाळी, रम्य डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात मे महिन्यात ती भट्टी असते आणि जानेवारीत शीतगृह. ढलाव म्हणजे महापालिकेने बांधलेली, तीन बाजूंनी भिंती आणि वर छप्पर असलेली कचऱ्याची जागा. आपल्याकडच्या उकिरड्याला सरकारी इमारत मंजूर झाली तर ती जशी दिसेल तशी. अलीकडे बरेच ढलाव पाडून तिथे कचरा दाबणारी यंत्रे बसवली गेली आहेत, तरी जुने दिल्लीकर त्या जागेला ढलावच म्हणतात.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मी ओल्ड राजिंदर नगरमध्ये राहिलो तेव्हा हे दोन्ही शब्द मला एकाच दिवशी भेटले. बरसाती माझी होती आणि तिच्या खिडकीतून ढलाव दिसत असे. भाडे अठराशे रुपये. हा आकडा वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

ओल्ड राजिंदर नगर ही मूळची निर्वासितांची वसाहत. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबांना इथे छोटे छोटे भूखंड मिळाले आणि त्यांनी शून्यातून घरे उभी केली. आमचे घरमालक त्यांपैकीच एका कुटुंबातले. त्यांना सगळे 'अंकल' म्हणत. माणूस वाईट नव्हता. लोहडीला रेवड्या आणि शेंगदाणे वर पाठवत, आणि माझ्या आजारपणात त्यांच्या पत्नीने दोन दिवस खिचडी करून दिली होती. परंतु घरासमोरच्या पावसाळी गटारावर त्यांनी सिमेंटची उतरती फरशी घातली होती, कारण त्यांच्या मारुती गाडीला अंगणात चढायला सोपे जावे. शेजाऱ्यानेही घातली होती, त्याच्या शेजाऱ्यानेही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गटार होते, परंतु ते कोणालाही दिसत नव्हते. आणि जे दिसत नाही ते साफ करायला कोणी येत नाही, हे प्रशासनात वेगळे शिकवावे लागत नाही.

कचऱ्याची व्यवस्था अशी होती की घरोघरचा कचरा उचलायला एक खाजगी सफाईवाला येई आणि त्याला प्रत्येक घराने महिन्याला काही रुपये द्यायचे. घर म्हणजे कोण, हा मात्र प्रश्न होता. अंकल म्हणत, खालच्या मजल्याचे पैसे मी देतो, वरच्या मुलांचे त्यांनी द्यावेत. वरची आम्ही सहा-सात मुले. कोणी परीक्षेनंतर निघून जाणारा, कोणी नुकताच आलेला. एकाने द्यावेत तर बाकीच्यांचा कचरा त्याच्या पैशाने जाणार. मग पिशव्या रात्री गुपचूप ढलावाच्या दिशेने भिरकावल्या जात. काही पोहोचत, काही पोहोचत नसत. पहिल्या पावसात त्या फरशीच्या फटीतून गटारात उतरत आणि तिथेच राहत.

त्या वर्षीच्या जुलैत तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत पाणी शिरले. तिथे लातूरकडची दोन मुले राहत होती. रात्री दोन वाजता आम्ही त्यांची पुस्तके वर आणली. त्यांतले एक जाडजूड पुस्तक गच्चीवर पान पान उघडून वाळत घातलेले अजून आठवते. सकाळी मी अंकलना म्हटले की ती फरशी काढून गटार साफ करून घ्यायला हवे. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, तुम तो अगले साल चले जाओगे. तुम क्यों परेशान होते हो?"

या वाक्यात कुत्सितपणा नव्हता. ते वस्तुस्थिती सांगत होते.

मी तरुण होतो, राज्यघटना पाठ होती, म्हणून एका सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. (कोणत्या, ते सांगत नाही, आज मीही त्याच जातकुळीचा आहे.) खिडकीतल्या बाबूंनी अर्ज वाचला आणि विचारले, मकान मालिक कौन है? मी म्हटले, मी भाडेकरू आहे. मग मालकाकडून लिहून आणा, असे म्हणून त्यांनी अर्ज परत केला. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच सहीने तक्रार आणायची! ही गोष्ट अंकलपर्यंत कशी पोहोचली कोण जाणे. त्यानंतर चार दिवस वरच्या टाकीत पाणी चढले नाही आणि पाचव्या दिवशी पुढच्या महिन्यात खोली रिकामी करण्याची सूचना मिळाली. मी केली. परीक्षा तोंडावर होती.

आता त्या अठराशे रुपयांकडे वळू. दिल्ली भाडे नियंत्रण कायदा १९५८ चा आहे. त्याचे ४४ वे कलम सांगते की जागा दुरुस्त स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ४५ वे कलम सांगते की मालकाने पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडू नयेत आणि तोडल्यास भाडेकरूने नियंत्रकाकडे दाद मागावी. १४ वे कलम मनमानी निष्कासनापासून संरक्षण देते. १९८८ च्या दुरुस्तीने महिना साडेतीन हजारांहून अधिक भाड्याच्या जागा या कायद्यातून वगळल्या. माझे भाडे अठराशे, म्हणजे हा कायदा मला पूर्णपणे लागू होता. हे मला कळले ते अधिकारी झाल्यावर, एका फायलीच्या निमित्ताने. तोपर्यंत साडेतीन हजारांची मर्यादा जागच्या जागी राहिली होती आणि भाडी तिच्या डोक्यावरून कधीच निघून गेली होती. संसदेने १९९५ मध्ये नवा दिल्ली भाडे कायदा संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, परंतु जुन्या बाजारपेठांतील व्यापारी भाडेकरूंनी एवढे आंदोलन केले की तो अमलात आणणारी अधिसूचना कधी निघालीच नाही. राजिंदर नगरात आज साडेतीन हजारांत खोली सोडा, खाटही मिळणे कठीण. तेव्हा तिथल्या विद्यार्थ्याला ४४ वे आणि ४५ वे कलम परीक्षेत लिहिण्यापुरतेही उपयोगाचे उरलेले नाही.

असो. ही सारी जुनी कथा पुन्हा उघडण्याचे कारण २७ जुलै २०२४ ची रात्र.

त्या शनिवारी संध्याकाळी दिल्लीत जोराचा पाऊस झाला. ओल्ड राजिंदर नगरच्या बडा बाजार मार्गावर राऊज आयएएस स्टडी सर्कलच्या इमारतीत तळघरात अभ्यासिका चालत असे. रस्त्यावर तुंबलेले पाणी त्या तळघरात शिरले, काही मिनिटांत ते भरले आणि दोन मुली व एक मुलगा त्यात बुडून मरण पावले. उत्तर प्रदेश, तेलंगण आणि केरळ या तीन राज्यांतून ते आले होते. मंजूर नकाशानुसार ते तळघर केवळ वाहनतळ आणि सामान ठेवण्यासाठी होते.

रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. गावाकडचे गुरुजी. ज्यांनी मला पहिली ते चौथी शिकवले ते. त्यांची नात वर्षभरापूर्वी याच भागात राहायला आली होती आणि तिच्यावर लक्ष ठेव असे त्यांनी मला बजावले होते. दिल्लीत नोकरी करणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला अशा दोन-चार मुलांचा 'काका' व्हावेच लागते. गुरुजी फक्त एवढेच म्हणाले, "अरे, ती वाचायला कुठल्या मजल्यावर जाते, तेवढं सांग मला." मला ते माहीत नव्हते. वर्षभरात तिला दोनदा जेवायला बोलावले होते, अभ्यास कसा चालला आहे विचारले होते, मजला विचारला नव्हता. तिचा फोन लागेपर्यंत चाळीस मिनिटे गेली. ती सुखरूप होती. तीही तळघरातच वाचायला जात होती, दोन गल्ल्या पलीकडे. तिथे त्या दिवशी वीज गेली म्हणून सगळे लवकर उठले होते.

सोमवारी मी गेलो तेव्हा महापालिकेचे बुलडोझर घरांपुढच्या उतरत्या फरशा फोडत होते. तीस वर्षांपूर्वी ज्या गटाराबद्दल मी अर्ज लिहिला होता ते, किंवा त्याचे भावंड, पहिल्यांदा उघडे झालेले पाहिले. त्यात पाणी वाहण्याजोगी जागाच नव्हती. गाळ, पॉलिथिनच्या पिशव्या, थर्माकोलचे पेले आणि मलबा, म्हणजे घरांच्या तोडफोडीतून निघालेला राडारोडा, यांचा एक घट्ट थर. घरे तीन-चार मजल्यांची झाली, खोल्यांमध्ये प्लायवूडच्या भिंती घालून एकीच्या तीन केल्या गेल्या, आणि त्या प्रत्येक वाढीचा मलबा थोडा थोडा त्या गटारात जमला होता.

दिल्लीला येणारे आपले नातलग मला हटकून गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगराबद्दल विचारतात. १९८४ पासून तिथे कचरा पडतो आहे आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचा कडा कोसळून दोघांचा बळी गेला. वर्तमानपत्रे त्याची उंची कुतुबमिनाराशी मोजतात. डोंगर दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. घरापुढच्या दीड फूट रुंद गटाराची उंची कोण मोजणार?

दुर्घटनेनंतर जे व्हायचे ते झाले. महापालिकेने एका कनिष्ठ अभियंत्याला सेवेतून काढले आणि एका सहायक अभियंत्याला निलंबित केले. तळघराच्या मालकांना अटक झाली. पाण्यातून गाडी चालवून लाट उसळवली म्हणून एका वाहनचालकालाही पोलिसांनी धरले होते, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने उपरोधाने म्हटले की तळघरात शिरल्याबद्दल पाण्यालाच दंड ठोठावला नाही हे उपकार. त्याच न्यायालयाने कनिष्ठांना निलंबित करता, मग देखरेख करणारे वरिष्ठ कुठे आहेत, असेही विचारले आणि २ ऑगस्टला तपास सीबीआयकडे सोपवला.

वरिष्ठांपैकी एक या नात्याने मी याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. दिल्ली महानगरपालिका कायदा १९५७ चा. गटारे बांधणे, राखणे, साफ करणे आणि कचरा उचलणे ही ४२ व्या कलमानुसार महापालिकेची अनिवार्य कर्तव्ये आहेत. इमारतीचा वापर बदलण्यास ३४७ वे कलम मनाई करते, ३४५-अ खाली सील ठोकता येते. अधिकार कमी नाहीत. पण साठ फूट आणि त्याहून रुंद रस्ते त्यांच्या गटारांसह सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गल्ल्यांची गटारे महापालिकेकडे, मोठे नाले पूरनियंत्रण विभागाकडे. पाण्याला ही विभागणी कळत नाही. ते एका खात्याच्या गटारातून दुसऱ्या खात्याच्या गटारात जाते आणि मधे अडते. १९७६ नंतर शहराचा नवा जलनिस्सारण आराखडा जाहीर व्हायला २०२५ उजाडले. मधल्या काळात, २०१२ मध्ये, महापालिकेचे तीन तुकडे झाले आणि २०२२ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. प्रत्येक वेळी फायली नव्या कपाटात गेल्या. दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ काढला जातो, तो गटाराच्या काठावर रचून ठेवला जातो, आणि उचलणारी गाडी येण्याआधी पाऊस आला की तो आपल्या घरी परत जातो.

हे झाले यंत्रणेचे. परंतु मला याहून अधिक खटकते ती दुसरी गोष्ट. दुर्घटनेच्या महिनाभर आधी, २६ जून २०२४ रोजी, एका उमेदवाराने शासनाच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर नेमक्या याच अभ्यासिकेबद्दल लिहिले होते. तळघरात परवानगीविना वर्ग चालतात, मोठा अपघात होऊ शकतो. जुलैत त्याने स्मरणपत्रेही पाठवली. तक्रारीची स्थिती 'प्रक्रियाधीन' अशीच राहिली.

'प्रक्रियाधीन' हा शब्द मी स्वतः किती वेळा वापरला आहे! काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयाकडे अशीच एक तक्रार आली होती. भाड्याने राहणाऱ्या कुणा मुलाची. इमारतीपुढचे गटार तुंबले आहे, मालक ऐकत नाही. विषय आमचा नव्हता. निकाली काढण्याची मुदत संपत आली होती आणि महिन्याच्या विवरणपत्रात आमची टक्केवारी शंभर दिसायला हवी होती. मी 'संबंधित विभागाकडे वर्ग' असे लिहून ती बंद केली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी कार्यालयात जाऊन मी ती शोधून काढली. ती चार टेबलांवरून फिरून पुन्हा माझ्याकडेच आली होती आणि दुसऱ्यांदाही निकाली निघाली होती. दुसरी सहीही माझीच होती. मला आठवतसुद्धा नव्हते.

त्या मुलाची तक्रार इतक्या सहज फिरू शकली याचे एक कारण माझ्या मते असे आहे की कागदावर तो त्या इमारतीत राहतच नव्हता. दिल्लीत २००४ पासून मालमत्ताकर क्षेत्रफळाच्या एककानुसार, मालकाने स्वतः भरलेल्या विवरणावर आकारला जातो. राहत्या घराला गुणक एक, भाड्याने दिलेल्या घराला दोन. म्हणजे वीस विद्यार्थी ठेवणाऱ्या मालकाने 'स्वतः राहतो' असे लिहिले की त्याचा कर निम्मा होतो आणि ते वीस विद्यार्थी महापालिकेच्या नोंदीतून अदृश्य होतात. वर्षाहून कमी मुदतीच्या करारास नोंदणी सक्तीची नाही, म्हणून करार अकरा महिन्यांचा, तोही अनेकदा तोंडी. मतदारयादीत नाव गावाकडे, म्हणून नगरसेवकाला त्याची गरज नाही. २००० मध्ये शीला दीक्षित सरकारने 'भागीदारी' योजना आणली आणि वस्त्यांच्या रहिवासी संघांना कारभारात स्थान दिले. उपक्रम चांगलाच होता, परंतु रहिवासी संघ म्हणजे बहुतेक ठिकाणी मालकांचा संघ. २०१९ मध्ये भाडेकरूंना स्वतंत्र वीजमीटर देण्याची योजना आली तेव्हा त्यासाठीही भाडेकरार दाखवणे आले, आणि करार द्यायला मालक तयार नाही. शासनाला भाडेकरू नेमका ठाऊक असतो तो एकाच ठिकाणी, पोलीस ठाण्यात. कारण भाडेकरूची पडताळणी न करणे हा मात्र गुन्हा आहे. म्हणजे संशयित म्हणून आपण त्याला ओळखतो, रहिवासी म्हणून नाही.

महाराष्ट्रात सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. सदाशिव पेठेतल्या खोल्या मीही पाहिल्या आहेत. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. करार अकरा महिन्यांचा असो की अकरा वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला शिक्षा, शिवाय अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. एवढ्याने गटार साफ होत नाही. परंतु निदान अर्ज घेऊन गेलेल्या मुलाला तो तिथे राहतो हे सिद्ध करता येते.

गुरुजींची नात आता दुसऱ्या मजल्यावर राहते आणि पहिल्या मजल्यावर वाचायला जाते. तळघरांना सील लागल्यावर वरच्या अभ्यासिकांचे शुल्क वाढले, असे ती म्हणाली. गुरुजींच्या निवृत्तिवेतनातला तेवढा वाटा अधिक जातो. गेल्या पावसाळ्याआधी मी तिच्याकडे गेलो तेव्हा फोडलेल्या फरशीच्या जागी मालकांनी लोखंडी पत्रा टाकला होता. हलवता येतो म्हणून चालतो, असे त्यांचे म्हणणे. पत्र्यावर गाडी उभी होती. गटारातून काढलेला गाळ आठ दिवसांपासून कडेला पडून होता आणि आकाश भरून आले होते.

तिने फोनवर तक्रारीचा नमुना उघडला आणि मजकूर मला वाचून दाखवला. मजकूर चांगला होता, चार ओळींचा, माझ्या तरुणपणीच्या तीन पानी अर्जापेक्षा पुष्कळ बरा. पत्त्याच्या रकान्यापाशी ती थांबली.

"काका, इथला पत्ता टाकला तर आंटींना कळेल."

मी म्हटले, माझ्या सरकारी निवासाचा टाक. म्हणताना ते सोपे वाटले. मग माझ्याच लक्षात आले की तसे केले तर या गल्लीत गटार तुंबल्याची तक्रार पंडारा रोडवरचा कोणी एक रहिवासी करणार आणि ती पुन्हा वर्ग होणार.

तिने थोडा वेळ विचार केला आणि तिथलाच टाकला. खोली क्रमांकासह. गुरुजींना आम्ही हे अजून सांगितलेले नाही.